जेवताना बोलू नये

दीपनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये दिवसातून दोनदा भांडण व्हायचं, आणि त्याची वेळ इतकी पक्की होती की शेजारच्या चौधरीकाकू त्यावर आपला कुकर लावायच्या. भांडणारे दोघे. एक माझे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत, आणि दुसरी त्यांची थोरली बहीण अक्का. माझी आजी मी पाहिलेलीच नाही, आणि अक्काचा नवरा तर अक्कालासुद्धा धड आठवत नव्हता. धुळ्याकडच्या गावी ही दोघं बहीणभाऊ एकाच घरात राहायची. आबांची कापसाच्या जिनिंगमधली नोकरी संपली, हातांची बोटं आखडली, तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोघांना आमच्याकडे आणलं. “म्हाताऱ्या माणसांना आधार पाहिजे,” असं दादा चारचौघांत म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. तो आधार म्हणजे मी. मी बारावी होऊन डी.एड.च्या प्रवेशाची वाट बघत घरी होते, आणि घरी असलेल्या मुलीला काही काम नसतं, हे ज्यांना घरकाम करावं लागत नाही त्यांना चांगलं माहीत असतं. आई शाळेत शिकवायला जायची, दादा पॉवर हाऊसच्या स्टोअरमध्ये. मागे राहायची मी, दोन म्हातारी माणसं आणि चिमणीतून उडत येणारी राख. धुतलेल्या कपड्यांवर राख, खाटेवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवर, बिबड्यांवर, राख. आमच्या बिबड्यांची चव कॉलनीबाहेर कुणाला जमायची नाही, ती त्यामुळेच.

भांडणाला विषय लागत नसे. ताटं मांडली की पुरे. वांगी गॅसवर भाजली म्हणून आबा नाक मुरडायचे, कारण भरीत कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावरच व्हायला हवं. पऱ्हाट्या क्वार्टरमध्ये कुठून आणायच्या, हे ते सांगत नसत. मग अक्का म्हणायची की तुला जाळ काय कळतो, तू जन्मात चूल पेटवली नाहीस. तिथून गाडी त्यांच्या आईवर यायची. “तुन्ही माय तरी अशी भाकर करे का?” आबा ओरडायचे, आणि अक्का तितक्याच जोरात, “मूर्खा, तुन्ही माय तीच मन्ही माय!” हा मुद्दा त्यांनी साठेक वर्षं लढवला असावा, निकाल लागला नव्हता. मी गॅसकडे तोंड आणि त्यांच्याकडे पाठ करून कळण्याच्या भाकरी थापत असायचे. ज्वारी-उडदाच्या त्या पिठाला हात हलवत ठेवावा लागतो, त्यामुळे मागे वळून बघायची सोय नव्हती. कानावर आरडाओरडा यायचा, आणि वळून ताटं उचलायला जावं तर दोन्ही ताटं चाटूनपुसून साफ. आवाजाचा त्रास व्हायचा, ताटांचं मात्र मला कधी काही वाटलं नाही. भरलेलं ताट रिकामं होणारच, असं तरुणपणी वाटतं.

आबांना एकदा चक्कर आली आणि दादा त्यांना भुसावळला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने रक्तदाबाची गोळी दिली, तिखट-मीठ जरा कमी करा म्हणाला आणि जाताजाता, “जेवताना चिडचिड नको,” असंही म्हणाला. डॉक्टरने सहज बोलावं आणि दादांनी त्याचा कायदा करावा, ही आमच्या घरची रीत. दादांना स्टोअरमध्ये स्क्रूसुद्धा सहीशिवाय कुणाला देता येत नसे, त्यामुळे नियम हा प्रकार त्यांना मनापासून आवडायचा. त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की आजपासून जेवताना बोलू नये. नुसतं बोलू नये म्हणून ही दोघं ऐकणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून पुढचं कलम: अक्काने अकराला स्वयंपाकघरात जेवावं, आबांनी बाराला बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली. ठेचा बंद. सुकट बंद. दुधीभोपळा सुरू. दलिया सुरू. मुगाचं पाणी, ज्यात मूग कुठे होते हे मलाही सांगता आलं नसतं, सुरू.

घर असं शांत झालं की विचारू नका. चौधरीकाकू कुंपणावरून म्हणाल्या, “बेबी, काय गं, कुणी गावाला गेलंय का?” आणि पुढे आठवडाभर त्यांचा भात करपला. दादा संध्याकाळी घरी येऊन त्या शांततेकडे असे बघायचे, जणू तिचा पाया त्यांनी स्वतः खणलाय. आबांच्या ताटात भाकर जशीच्या तशी राहू लागली, फक्त एका कडेला उंदराने कुरतडल्यासारखी. वरण तेवढं पिऊन ते हात धुवायचे. “बघ,” दादा आईला म्हणाले, “आबांचा आहार किती मोजका झाला.” अक्का स्वयंपाकघरात माझ्यामागे भिंतीला टेकून बसायची, ताटाच्या कडेवर हात ठेवून. एखादा घास घ्यायची, बोटं ताटात फिरवायची आणि थांबायची. मासे आणले तर म्हणायची, वास येतो. जन्मभर तापीच्या माशांवर वाढलेल्या बाईला माशांचा वास येऊ लागला, आणि याचं आम्हाला आश्चर्य वाटलं नाही. म्हातारपणी भूक कमी होते, हे वाक्य आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येकाने म्हटलं, आणि म्हणताना पोह्यांची दुसरी बशी पुढे ओढली.

आज माझं स्वतःचं वय त्या वाक्याजवळ आलंय. मुलगा पुण्याहून मला ज्वारीचे कसलेसे कुरकुरीत तुकडे पाठवतो. चकचकीत पाकिटावर लिहिलेलं असतं की हे धान्य आता जगाने शोधून काढलंय. फोनवर तो विचारतो, “आई, खातेस ना?” मी हो म्हणते. तोंडात टाकून बघते आणि पाकीट वरच्या फळीवर ठेवते. मला दोष द्यायचा नाही त्याला. मीही तेव्हा असंच केलं होतं. थालीपीठ लावलं, पेज केली, डिंकाचे लाडू वळले आणि आबांपुढे ठेवले. त्यांच्या तोंडात दात नव्हते, ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही, पण लाडू पौष्टिक असतो असं पुस्तकात होतं. अक्कासाठी तुपातला शिरा केला, वर काजू लावले. तिने एकेक काजू चाचपून, खडा समजून, ताटाबाहेर काढून ठेवला. मी म्हटलं, “अक्का, काजू आवडत नाहीत का गं?” ती म्हणाली, “नही व माय, दाताले लागतस.” मी मान डोलावली आणि ते काजू स्वतः खाल्ले. घरातली एकटी मीच त्या दिवसांत अंगाने भरले.

अक्काचा चेहरा उतरला, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या, तेव्हा धुळ्याहून काका आले आणि त्यांनी तिला हवापालटासाठी नेलं. दीपनगरची राखेची हवा सोडून धुळ्याची धुळीची हवा, हा पालट कुणाला सुचला माहीत नाही, पण सगळ्यांना पटला. आबा दारापर्यंतसुद्धा आले नाहीत. पंख्याखाली बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांनी वरणही अर्धं टाकायला सुरुवात केली. मी समोर बसून म्हणायचे, “आबा, दोन घास तरी.” ते म्हणायचे, “व्हयनं मन्हं.” माझं झालं. त्यांच्या गळ्याची शीर हलताना दिसायला लागली. दादा नियमांत दुरुस्ती शोधत होते. दलियाऐवजी नाचणी, असा एक प्रस्ताव होता.

मग दादांच्या ऑफिसात काकांचा फोन आला. अक्का मोरीत चक्कर येऊन पडली, दवाखान्यात सलाईन लावलं, आता घरी आणलंय, पण ती काही खात नाही. दादांना रजा नव्हती, आईच्या शाळेत परीक्षा होत्या. आबांनी ऐकलं, उठले, टोपी घातली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. कुणी त्यांना यायला सांगितलं नव्हतं. “आबा, एवढ्या लांब एस.टी.ने? तब्येत बघा,” दादा म्हणाले. आबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, “चाल.” म्हणून आम्ही निघालो, आधी भुसावळ, मग जळगाव, आणि तिथून धुळ्याची गाडी. एरंडोल गेलं, पारोळा आलं, मी खाली उतरून भजी आणली. आबांनी हातात धरली आणि तशीच ठेवली. गाडीतल्या सगळ्यांनी खिडकीतून बाहेर हात काढून द्रोण फेकले, तेव्हाही ती त्यांच्या हातात होती. मला पहिल्यांदा भीती वाटली. दोघांतलं कुणीतरी जाईल आणि तेही भाकरीवाचून, भाकरी समोर असताना, हे मला त्या गाडीत कळलं. घरात एवढा आहाराचा अभ्यास चालला होता, पण भीती वाटायची मात्र कुणाला सुचली नव्हती.

देवपुरात काकांच्या दोन खोल्या होत्या. काकू टापटिपीची बाई. घरात सगळं चकाकायचं. तिने नुकतीच खणाखणांची स्टीलची ताटं घेतली होती, एका खणात भात, एका खणात भाजी, कुणी कुणाच्या हद्दीत जायचं नाही. अक्का त्या ताटापुढे कशी बसली असेल, ते मला नंतर कळलं. आम्ही गेलो तेव्हा ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आबा पायथ्याशी उभे राहिले. काका काकूकडे बघायला लागले.

“मरी ऱ्हायनी का?” आबा म्हणाले.

अक्काने कूस बदलली. “तुले कसानी घाई शे?”

काकूने तोंडाला पदर लावला. आजारी माणसाशी असं बोलतात का, असं तिच्या डोळ्यांत होतं. पण सासरे आले म्हणून तिने मासे केले होते, पातळ रस्सा, आणि ज्वारीची भाकर. अक्कासाठी मऊ खिचडी. जागा थोडी, त्यामुळे पानं एका ओळीत मांडली. आबा म्हणाले, “तिले बी मासाच वाढ.” काकू म्हणाली, “मामंजी, डॉक्टरांनी हलकं सांगितलंय. आणि त्या मासे खातच नाहीत, वास येतो म्हणतात.”

“कोन? ही?” आबा म्हणाले. एवढं मनापासून हसताना मी त्यांना त्या वर्षात पाहिलं नव्हतं. त्यांनी अक्काचं खणाचं ताट बाजूला सारलं, स्वयंपाकघरातून एक साधी परात मागवली आणि ती आपल्या ताटाला चिकटून ठेवली.

मी समोर बसले होते. त्या दोघांच्या पंगतीत माझ्याकडे काही काम नसण्याची ही पहिलीच वेळ. वाढायला काकू होती. म्हणून मी बघितलं. आबांनी माशाचा तुकडा घेतला आणि बोटांच्या टोकांनी, हळूहळू, एकेक काटा काढायला लागले. त्यांची मूठ वळत नव्हती, पण टोकं चालत होती आणि डोळे घारीसारखे होते. काटे काढलेला तुकडा अक्काच्या परातीत ठेवायचे आणि ओरडायचे, “हाऊ तुन्हा. तठे कोठे हात घालस, आंधये? आलीकडे. मीठ जेवना हातले शे. तो तांब्या शे, लवंडशी.” आणि अक्का, त्यांच्याकडे न बघता, हात लांब करून त्यांच्या ताटातली भाकर उचलत होती. तिच्या हातांत अजून लोखंड होतं. तिने ती भाकर तळव्यात रगडून भुगा केली, वर रस्सा ओतला, बोटांनी दाबून मऊ केली आणि ताट त्यांच्याकडे ढकललं. “ले, गीळ. याले दात नही, हात नही, तोंड मातर गावभर शे.” तिने रस्सा नेमका भाकरीवर ओतला, तो नजरेने नव्हे, डाव्या हाताचं बोट ताटाच्या कडेला लावून. आणि दोघं जेवली. भांडत, एकमेकांचे पूर्वज काढत, दोघं पोटभर जेवली. काकूला दुसऱ्यांदा भाकर टाकावी लागली.

आंधळ्या-लंगड्याची गोष्ट मी तिसरीत पाठ केली होती. तिच्यावर मला पैकीच्या पैकी मार्क होते. म्हणून तर घरात ओळखू आली नाही.

दुपारी अंगणात मी अक्काच्या तोंडासमोर बोटं धरली. “अक्का, ही किती?” ती चिडली. “तू कोन माले इचारनारी?” मग पदर चाळवत बसली. म्हणाली, डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं दिसतं, गावी असल्यापासून. सांगितलं असतं तर दवाखान्यात नेऊन डोळे काढले असते, आणि नाही काढले तरी घरात सगळे म्हणाले असते की आंधळी म्हातारी गळ्यात पडली. गावच्या घराच्या भिंती तिला पाठ होत्या. क्वार्टरमध्ये आवाजावर निभावलं. काकूकडे पहिल्याच दिवशी हात लागून आमटी सांडली, चकचकीत फरशीवर, आणि काकू काही बोलली नाही. “बोलती तं बरं व्हतं,” अक्का म्हणाली. त्यानंतर तिला भूक लागेनाशी झाली. आबांना सगळं माहीत होतं. पण त्यांना तिने आईची शपथ घातली होती, दोघांच्या मिळून असलेल्या त्या एका आईची. आणि आबा? त्यांना मी म्हटलं, “भाकर मोडत नाही, हे तुम्ही मला सांगायचं होतं.” ते भिंतीकडे बघत म्हणाले, “नातीले काय सांगू? कुस्करी दे? मी काय धाकला पोऱ्या शे?”

दोघांना घेऊन मी दीपनगरला परत आले. दादा ओट्यावर उभे होते. मी आत जाऊन दोन ताटं शेजारी-शेजारी मांडली. दादा म्हणाले, “बेबी, डॉक्टरांनी शांतता सांगितलीय.” मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. “शांतता पाहिजे ना, दादा? आणखी एक महिना तुमचा नियम चालवा. मग कायमची शांतता.” आई पेपर तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं, उठली आणि दादांच्या हातातला तांब्या घेऊन त्या दोन ताटांच्या मधे ठेवला. विषय मिटला. मीठ कमीच राहिलं, आबांची गोळीही चालू राहिली, डॉक्टरचं त्यात काही चुकलं नव्हतं. पण भाकर मी गरम पाण्यात मळून पातळ, मऊ करायला लागले, भरतातली मिरची वाटून घातली, आणि मागे वळून बघायला लागले. पंधरवड्यात अक्काच्या बांगड्या मनगटाशी आल्या. चौधरीकाकूंचा भातही सुधारला. दादा पुढे कॉलनीत सांगायचे, “वृद्धांनी एकत्रच जेवावं, असा माझा पहिल्यापासून आग्रह आहे.” त्यांच्या सहकाऱ्यांनी ते फार मनावर घेतलं म्हणे.

अक्काला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार करायला भांडणं करावी लागली, पण तोवर मला त्याची सवय झाली होती. जळगावला एक डोळा केला. पट्टी सुटली तेव्हा आबा समोर स्टुलावर बसले होते. अक्काने त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघितलं, खूप वेळ. “अरे दगड्या,” ती म्हणाली, “तू इतला म्हतारा कधय व्हयना?”

मला डी.एड.ला प्रवेश मिळाला, मी शिकले, नोकरीलाही लागले, आणि त्यांच्या जेवणाचं आईने बघितलं. आबा गेले ते जेवून, हात धुऊन, अंगणात खाटेवर पडल्यापडल्या. मी पोचले तेव्हा घर भरलं होतं. धुळ्याचे, साक्रीचे, कुठले कुठले नातेवाईक. सगळं आटोपून, बुद्धवंदना होऊन लोक ओट्यावर बसले होते. रीतीप्रमाणे सगळे अक्काला सांभाळत होते, म्हणजे तिच्याभोवती बसून तिची वाट अडवत होते. तिने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही, असं एक बाई मला कानात सांगत होत्या. अक्काने मला बघितलं आणि हाक मारली. “बेबी, वाढ. माले भूक लागनी.”

त्या बाई म्हणाल्या, “अगं अक्का, आज? भाऊ गेला ना तुझा!”

“म्हनीसनच,” अक्का म्हणाली. “रडाले बी ताकद लागस.”

शेजारून आलेलं पिठलं होतं, भाकर होती. मी ताट तिच्यापुढे ठेवलं आणि समोर बसले. ती सावकाश जेवली. अख्खी भाकर संपवली, ताट पुसून घेतलं, पाणी प्याली. मग उठली, मोरीत जाऊन हात धुतले, पदराला पुसले, आणि परत येऊन रडायला बसली.